चादरीखालचं बर्फाचं मशीन

दुपारी दोनला लाइट आली आणि ओतिलिया बाह्या सरसावून बर्फाच्या मशीनसमोर उभी राहिली, अगदी भांडायला उभं राहावं तशी. लाइट सहाला पुन्हा जाणार. मधले चार तास तेवढे हातात.

आज तिच्या नवऱ्याला, सेफेरीनोला, जाऊन नववा दिवस. पाचला शेवटची जपमाळ, मग घरात मांडलेली वेदी उतरवायची आणि वेदीवरचा पाण्याचा पेला दारातून रस्त्यावर ओतून द्यायचा. हा पेला मेलेल्या माणसाच्या तहानेसाठी. नऊ दिवस तो घरात असतो, पाणी पितो; पेला ओतला की जातो. जमलेल्या लोकांना कोमट सरबत चाललं असतं. पण त्या पेल्यात पाचच्या आत बर्फ पडलाच पाहिजे, असं ओतिलियानं पहाटे मारिया मातेसमोर बोलून ठेवलं होतं. विनवणी म्हणून नव्हे, बजावून.

सेफेरीनोनं आसुआ गावाच्या चौकात एकतीस वर्षं बर्फाची गाडी लावली. लादीवरून रंधा फिरवायचा, किसलेला बर्फ पेल्यात दाबायचा, वर ओतिलियानं घरी आटवलेला चिंचेचा नाही तर पॅशनफ्रूटचा पाक. पाक ओतिलियाचा, बर्फ त्याचा. नगरपालिकेचा माणूस एकदा गाडी हलवायला आला, तेव्हा उकळत्या पाकाचा डाव घेऊन ती त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत धावली होती. सेफेरीनो मात्र गाडीवर बसून हसत होता. त्याला राग यायचाच नाही. दोघांच्या वाटचा राग तिलाच करावा लागायचा.

मशीन यानेलिसनं, त्यांच्या लेकीनं, न्यूयॉर्कहून पाठवलेलं. टेबलावर मावेल एवढं, समोरून लखलखीत पोलादी. पाणी ओतायचं, बटण दाबायचं, दहा मिनिटांत आतल्या धातूच्या बोटांवर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे पोकळ खडे धरायचे आणि टक् टक् टोपलीत पडायचे. सेफेरीनोनं पहिल्या दिवशी एक खडा उचलून उजेडात धरला होता. म्हणाला, "याला भोक आहे गं. फसवतायत तुला." पण गावातला बर्फाचा कारखाना बंद पडला, लाइट चार-चार तासच येऊ लागली, कुणाच्याच फ्रिजात पाणी गोठेना, तेव्हा सगळी गल्ली याच मशीनच्या टोपलीवर आली. मरण झालं त्या दिवशीही मशीननं घमेलंभर बर्फ दिला होता.

आणि दुसऱ्या दिवसापासून संप.

आताही ओतिलियानं झाकण उघडलं तर टोपलीत कोमट पाणी आणि त्यात कांद्याच्या पापुद्र्यासारखे चार तुकडे. बघता बघता तेही विरले.

"मेल्या," ती मशीनला म्हणाली.

फोन वाजला. यानेलिस. कागदपत्रांमुळे तिला येता आलं नव्हतं, म्हणून ती दिवसातून सहा वेळा फोन करायची आणि ओरडा खायची.

"आई, पाणी बदललंस?"

"तीनदा बदललं."

"व्हिनेगरनं आतून धुतलंस?"

"धुतलं. आता त्याला लोणच्याचा वास येतो."

"भिंतीपासून वीतभर लांब ठेवलंयस ना? बाजूंना जाळ्या आहेत, त्यातून गरम हवा बाहेर पडते. पुस्तकात ठळक लिहिलंय."

"वीत काय, हातभर लांब आहे. तुझ्या पुस्तकालाच आणून बसव इथे."

"आई, माझ्यावर का चिडतेस?"

"मग कुणावर चिडू? नावं सांग, यादी करते." तिनं फोन ठेवला.

तीनला चागो आला. गल्लीतले फ्रिज, पंखे, सगळं तोच दुरुस्त करायचा. दारात टोपी काढली, वेदीसमोर क्रूसाची खूण केली, आणि मग मशीनवरची पांढरी चादर झाकणापुरती अलगद दुमडून आत बॅटरी मारली. पंखा फिरतोय ऐकलं. कंप्रेसर गुरगुरतोय ऐकलं. चादर पुन्हा नीट सारखी केली, चुण्या हातानं मोडल्या.

"वहिनी, गॅस गेलाय. दुकानात न्यावं लागेल."

"परत कधी मिळेल?"

"पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात सेफेरीनो असणार आहे का घरात?"

चागोनं टोपी घातली. पुन्हा काढली. "मी आपलं मशीनचं सांगितलं, वहिनी."

"मशीनचंच सांग. माणसांचं सांगायला बासिलिया वन्सं आहेत."

बासिलिया म्हणजे सेफेरीनोची थोरली बहीण. गावात कुणीही मेलं की जपमाळ तीच सांगायची. नऊ दिवसांचे नियम तिला तोंडपाठ. भावाचा देह घरात आणला त्या दिवशी तिनंच भराभर आरसे झाकले, टीव्ही झाकला, काचेचं कपाट झाकलं. आत्म्याला आपलं रूप कुठे दिसलं तर तो तिथेच घुटमळतो, वाट चुकतो. मग स्वयंपाकघरात जाताना मशीनच्या पोलादात तिला स्वतःचा चेहरा दिसला. "हाही आरसाच की गं!" म्हणत तिनं डबलबेडची चादर दुहेरी करून त्याच्यावर टाकली, वाऱ्यानं उडू नये म्हणून खाली गाठी मारल्या. आता ती वेदीजवळ खुर्चीत बसून मणी पुसत होती.

"ओतिलिया, एवढी आदळआपट कशाला? पाणी साधं असलं तरी त्याला पोचतं."

ओतिलियाच्या डोक्यात तिडीक गेली. हेच. हाच आवाज.

दहा दिवसांपूर्वी सेफेरीनो तापानं फणफणला होता. पलीकडच्या खोलीत हेच मशीन चालू होतं आणि खडे पडत होते, टक्, टक्. तो मान वळवून ऐकत होता. "ओती, एक खडा दे गं. नुसता तोंडात धरतो." ती उठलीसुद्धा. तेवढ्यात बासिलिया म्हणाली, "तापात थंड? छाती भरेल त्याची. घाम निघू दे," आणि तिसरी गोधडी घातली. नगरपालिकेच्या माणसामागे धावणारी ओतिलिया त्या दिवशी मात्र गप्प बसली, आणि कोमट पाण्याचा बोळा त्याच्या ओठांना लावत राहिली. इस्पितळात नेला तेव्हा नर्सनं आधी गोधड्या काढून फेकल्या. "बाई, बर्फाचा तुकडा तरी चघळायला द्यायचा. ओठ बघा त्यांचे."

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं होतं, बर्फानं वाचले नसते. नसतील वाचले. त्याच्या घरात, त्याच्या कानावर बर्फ पडत होता आणि त्यानं मागितलेला एक खडा बायकोनं दिला नाही. यावर डॉक्टर काही बोलले नव्हते.

चार वाजले. टोपलीत पाणीच.

ओतिलियानं चप्पल काढली आणि मशीनच्या कुशीवर सणसणीत हाणली. चप्पल चादरीवर बसली, धप्प. चादर ओढली गेली म्हणून ती सारखी करायला तिनं हात लावला, आणि हात तिथेच राहिला.

कढत. तापलेल्या माणसाच्या कपाळासारखं कढत.

तिनं चादरीखाली हात घातला. जाळीतून धग येत होती, चादरीला आपटून परत आत जात होती. पंखा बिचारा तीच तीच हवा आठ दिवस ढवळत होता. चागोनं झाकण उघडून पाहिलं, शेजाऱ्यांनी पाहिलं, तिनं स्वतः दिवसातून वीस वेळा पाहिलं. सुतकाची चादर म्हणून कुणी ती काढली नाही. उलट दर वेळी सगळ्यांनी नीट पांघरून ठेवली.

"गोधड्या!" ओतिलिया ओरडली. "यालाही गोधड्या!"

गाठी सुटेनात. तिनं दातांनी सोडवल्या आणि चादर ओढून जमिनीवर टाकली.

"अगं काय करतेस!" बासिलिया उठलीच. "आरसा आहे तो! शेवटचा एक तास राहिलाय, आत्ता अडकला म्हणजे?"

"नाही अडकायचा."

ओतिलिया मोरीतून कपड्यांच्या साबणाची वडी घेऊन आली आणि मशीनच्या पोलादावर घासायला लागली. वरून खाली, आडवं, तिरपं. दात-ओठ खाऊन. चकाकी पांढुरक्या सायीखाली गेली, आधी खिडकी दिसेनाशी झाली, मग वेदीवरच्या मेणबत्त्या, मग तिचा स्वतःचा चेहरा. बाजूच्या जाळ्या मोकळ्या.

"बघा, वन्सं. दिसतंय काही तुम्हाला तुमचं?"

बासिलियानं वाकून पाहिलं. काही दिसत नव्हतं. नियमात बोट ठेवायला जागा नव्हती.

मशीन बंद ठेवून पंख्यासमोर पंधरा मिनिटं निववलं. मग थंड पाणी, बटण. पहिले खडे पातळच पडले. ते तिनं परत टाकीत टाकले. लोक यायला लागले, खुर्च्या सरकायला लागल्या. पाचला पाच कमी असताना आतून आवाज आला. टक्.

ओतिलिया बशीत सात खडे घेऊन आली. जाड, पांढरे, पोकळ. वेदीपाशी जाऊन पेल्यात एकेक सोडायला लागली.

"ओतिलिया," बासिलिया हळूच म्हणाली, "इतकं गार..."

"आता काय होणार आहे हो त्याला गारव्यानं? छाती भरेल?"

बासिलियाच्या हातातली माळ थांबली. मग तिनं खाली बघून सुरुवात केली, "नमो मरिये, कृपापूर्णे..." आणि तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा फाटला. ओतिलियाला त्याचं वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे तिला कळत होतं. देवाशी त्याबद्दल ती नंतर बोलणार होती, आज नव्हे.

जपमाळेची पाचही गूढं म्हणून होईपर्यंत पेल्यात तीन खडे उरले. वेदी उतरली. ओतिलिया पेला घेऊन दारात गेली, पण लगेच ओतला नाही. लोक मागे खोळंबले.

"थांबा," ती म्हणाली. "पिऊ दे त्याला."

शेवटचा खडा विरघळेपर्यंत ती उन्हात तशीच उभी राहिली. मग रस्त्यावर पाणी भिरकावलं, इतकं जोरात, की पलीकडचं कुत्रं उठून पळालं.