टँकरवाल्याच्या पिक्चरचा शेवट

ऑपरेटरमामांच्या मनगटावर मी कधी घड्याळ पाहिलं नाही. ते वेळ रिळांत मोजत. एक रीळ म्हणजे साधारण दहा मिनिटं. "बस गं माय, एका रिळात चहा होतो," असं म्हणून समोर पाट सरकवायचे. भोकरदनच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये त्यांनी तीस वर्षं मशीन चालवलं. टॉकीज बंद पडून तिथं मंगल कार्यालय उभं राहिलं, तरी मामांचं मोजमाप बदललं नाही. बायकोच्या जाण्याबद्दलही ते म्हणत, "सकाळी दोन-तीन रिळं चांगली बोलत बसल्ती माझ्यासंगं, अन् मंग गेली."

आमच्या पिंपळगाव रेणुकाईची मुक्कामी बस साडेसहाला सुटायची. तीनचा खेळ त्याआधी संपला तरच आमच्यासारखी माणसं घरी पोचणार. म्हणून पिक्चर लांबलचक असलं की मामा सरळ कात्री घेत. गाणं कापत, मारामारी कापत, नायकाच्या मित्राचे पाणचट विनोद तर आनंदानं कापत. कापलेला तुकडा डब्यात जपून ठेवायचा आणि प्रिंट परत पाठवताना जिथल्या तिथं जोडून द्यायचा, हा त्यांचा नेम. "दुसऱ्या गावची गाडी उशिरा असंल तर? त्यांचं पिक्चर ठिवून घेणारा मी कोण?" शेवट मात्र कापायचा नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत.

आमच्या लहानपणी तिथं अंतराळातलं एक हिंदीत डब केलेलं पिक्चर आलं होतं. त्याचं खरं नाव कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. सगळा तालुका त्याला 'टँकरवाल्याचं पिक्चर' म्हणायचा. एक ड्रायव्हर पाण्याची टाकी लावलेलं यान घेऊन एका कोरड्या ग्रहावरच्या वस्तीकडे निघतो. दुसऱ्या रिळात त्याचा रेडिओ फुटतो. पुढं यान रखडतं आणि त्याचं स्वतःचं प्यायचं पाणी संपतं. पाठीशी टाकी भरलेली आहे, पण सील एकदा तोडलं की यानातल्या विरळ हवेत सगळं पाणी वाफ होऊन उडून जाणार. तो सीलवर हात ठेवून बसून राहतो. त्याच्या त्या हातावर पिक्चर संपायचं.

माझे वडील उन्हाळ्यात सरकारी टँकर चालवायचे. वाटेत कुणी घागर घेऊन आडवं आलं की त्यांचा जीव तुटायचा, पण ज्या गावचं पाणी त्याच गावाला नेऊन द्यायचे. ते पिक्चर मी त्यांच्यासोबतच पाहिलं आणि साडेसहाच्या बसनं आम्ही परतलो. उतरल्यावर म्हणाले, "कुणीतरी आपलं पिक्चर काढलं बघ." पुढं मी भोकरदनलाच शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि बाष्पीभवनाचा धडा आला की दरवर्षी वर्गाला हे पिक्चर सांगायला लागले. सीलवरच्या हातापाशी थांबायचं, मुलांना गप्प बसू द्यायचं आणि मग फळ्याकडे वळायचं.

गेल्या वर्षी तेच पिक्चर पुन्हा लागलं, संभाजीनगरला. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत 'नव्या प्रसंगांसह' असं लिहिलं होतं, जणू काही आमच्यावर उपकारच. मामांच्या डोळ्यांचं आता फारसं खरं नव्हतं. एका डोळ्यानं दिसायचंच बंद झालं होतं. "दुसरा जायच्या आत तो हात एकदा बघू दे," असं म्हणाले, म्हणून मी त्यांना घेऊन गेले.

हात आला. मामांनी माझं मनगट धरलं. आणि पिक्चर संपेचना! बचावाचं यान आलं. कुणी म्हणे ड्रायव्हरचा रेडिओवरचा आवाज ऐकला होता. त्याला बाटलीतून पाणी पाजलं, गळ्यात पदक घातलं, आणि शेवटी वस्तीच्या चौकात कारंजं उडालं, त्याखाली पोरं नाचली.

मामांना राग आला की ते उभे राहत. तसे भर थेटरात उभे राहिले. "अरे, रेडिओ दुसऱ्या रिळातच फुटला ना! मंग ह्या पाहुण्यांना सांगावा धाडला कुनी? अन् पाण्यावाचून मरून राह्यली ती वस्ती, तिथं कारंजं उडवून राह्यले! लाज न्हाई का?" मागून कुणीतरी "काका, बसा ना" म्हणालं. मी त्या माणसावरच खेकसले. मला तर मामांपेक्षा जास्त संताप आला होता. बचावाचं यान इतकं जवळ होतं तर हा बिचारा दोन तास कशासाठी तडफडला? पाणी त्याच यानातून पाठवायचं होतं! ज्यांनी उन्हाळ्यात कधी टँकरमागे धावून हंडा भरला नाही, त्यांनाच असलं कारंजं सुचतं. माझ्या वडिलांच्या नोकरीची कुणी टिंगल केल्यासारखं मला वाटलं आणि आजही वाटतं.

त्याच रागात घरी येऊन मी मोबाईलवर जुन्या शेवटाबद्दल शोधायला लागले. तिथं भलतंच वाचायला मिळालं. जुन्या पिक्चरमध्ये हातानंतर आणखी एक प्रसंग होता. यान रखडत रखडत वस्तीला लागतं. माणसं केबिनचं दार उघडतात. ड्रायव्हर खुर्चीत मेलेला आहे. एक म्हातारी त्याची बोटं एकेक करून सीलवरून सोडवते. आम्ही हे कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक मामांकडे गेले. "मामा, म्हातारी कुठंय?" एवढंच विचारलं. त्यांना बरोबर कळलं.

"त्या दिवशी लाईट गेल्ती," ते म्हणाले. "आठ-नऊ रिळांचा टाइम वाया गेला. बस सुटली असती. कापलं."

"आणि दुसऱ्या दिवसापासून? लाईट होती ना? मी वीस वर्षं पोरांना तुमचा शेवट शिकवते आहे! छातीवर हात ठेवून सांगायचात, शेवट कापत नाही म्हणून. मग तुमच्यात आणि त्या कारंजेवाल्यांत फरक काय राहिला?"

मामा उभे राहिले नाहीत. बसूनच बोलले.

"बस सुटायच्या आधी तुझा बाप पळत केबिनमधी आल्ता. म्हणला, ऑपरेटर, वाचला का तो? मी म्हणलं, पाणी पोचलं. तं म्हणला, मंग तोबी वाचला असंल, पाणी आणणाऱ्याला लोक टाकून देतेत व्हय? अन् खुशीत गेला. दुसऱ्या दिवशी तो तुकडा हातात घेतला, पण जोडायचं मन झालं न्हाई. गावात कुनीतरी त्याला शेवट सांगितलाच असता, अन् सकाळी टँकरवर जाणारा माणूस तो." पुढं म्हणाले, "प्रिंट परत पाठवली तवा जोडून दिलं, बराबर. पण माय, मी कमी दाखवलं, खोटं बिलकुल न्हाई दाखवलं. ह्यांनी जोडलं ते खोटं जोडलं."

मला ते तेव्हा पटलं नाही. चहा न घेताच उठले, आणि दोन महिने त्यांच्याकडे फिरकले नाही. त्या दोन महिन्यांचं वाईट वाटतं.

मामा यंदाच्या हिवाळ्यात गेले. लेक नंदा नाशिकला, तिचं स्वतःचंच ऑपरेशन झालेलं, तिला हलता येईना. म्हणून दवाखान्यात शेवटचे दोन दिवस मी होते. पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी चहा मागितला. अर्धा कप प्याले. "नंदाला सांग, मी बरा हाय. दोन रिळं झोपतो," असं म्हणून कुशीवर वळले. त्यानंतर जे झालं ते दीड दिवस चाललं. श्वासासाठी ते फार झगडले, त्यांनी मला ओळखलं नाही, आणि डॉक्टर यावेत म्हणून मी बाहेर जाऊन भांडले.

पंधरा दिवसांनी नंदा आली. दारातच माझा हात धरून म्हणाली, "ताई, शेवटी कसे होते बाबा?"

मी तिला चहाचं सांगितलं. अर्ध्या कपाचं, कुशीवर वळल्याचं, तिच्यासाठीच्या निरोपाचं सांगितलं. तिथं थांबले. पुढचं सगळं कापलं.

जोडलं मात्र काहीच नाही.