पौलाचं पत्र आणि आमच्या घरातल्या दोघी

सन २०२२, जुलैची अखेर. मासेमारीची बंदी उठायला थोडे दिवस होते, होड्या अजून किनाऱ्यावरच होत्या. आता काय सांगू तुम्हाला! स्वतःची फजिती सांगणं माझ्या स्वभावात नाही. पण चहा पुढे केलाच आहे, तर ऐका.

रेवदंड्याकडे आमची लहानशी ख्रिस्ती मंडळी. आमच्या पाळकांचा पाय मुरगळला. मला म्हणाले, "तांडेल, या रविवारी उपदेश तुम्ही करा. बायबलातलं, पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं पत्र घ्या."

मी जन्मभर नाव हाकली. शाळा तिसरीपर्यंत. पण नाही म्हणतो की काय? "करतो," म्हणालो.

पत्र वाचून दाखवलं ते माझ्या बायकोने, मार्थाने. रोज संध्याकाळी ती वाचायची, मी पाठ करायचो. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून! हा पौल तुरुंगात बसून दुसऱ्यांचे आभार मानतो, हे मला तिनेच समजावलं. आजही ते पत्र माझ्या कानात तिच्याच आवाजात आहे. बाहेर मात्र मी सांगत होतो, "माझा अभ्यास चाललाय."

घरात एक दुखणं होतं. मार्था आणि शेजारी राहणारी माझी धाकटी बहीण रिबेका मे महिन्यापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण काय? बोंबील वाळवायच्या वलांडीवर कुणी कुणाची जागा घेतली! या घरातून त्या घरात कालवणाची वाटीसुद्धा जाईना. मला ते फार लागायचं.

रविवारी उभा राहिलो. तीन अध्याय झकास! माना डोलत होत्या. चौथ्यात पौल दोन बायकांना नाव घेऊन सांगतो, की एका मनाने राहा. पण ती नावं अशी परदेशी, की माझी जीभच वळेना.

आता नावेवरची रीत ऐका. "कुणीतरी दोर धरा" म्हटलं तर कुणीच धरत नाही. नाव घेऊन ओरडावं लागतं. पौल मला आमच्यातलाच वाटला. मी हात उगारून गरजलो, "मार्था! रिबेका! भांडण सोडा!"



रिबेका उठली. "दादा, पौलानं माझं नाव लिवलंय व्हय?"

"तसं नाही गं, उदाहरण म्हणून..."

"उदाहरणाला घरचीच सापडली?" पुढच्या बाकावरून मार्था. "चल गं रिबेका."

"चला वहिनी."

आणि दोघी हातात हात घालून चालत्या झाल्या! इतक्या दिवसांनी बोलल्या, त्या माझ्याविरुद्ध! मागोमाग सगळ्या बायका उठल्या. बाप्ये चपला शोधू लागले. आमेन म्हणायला उरलो मी आणि पंखा.

त्या रात्री कालवण रिबेकाच्या चुलीवर झालं. मला पेज.

"पण समेट झाला ना?" मी म्हटलं.

"अहो, मी शिकवलेलं पत्र माझ्यावरच फेकलंत," मार्था म्हणाली, "तेही चार माणसांत. आता फेडायचं ते चार माणसांतच फेडा."

पुढच्या रविवारी परवानगी घेऊन उभा राहिलो. समोरचा बाक दोन्ही हातांनी धरला. वादळात सुकाणूही इतकं घट्ट धरलं नाही कधी.

"ते पत्र मी वाचलेलं नाही. मला तेवढं वाचता येत नाही. मार्थाने वाचलं, तिनेच समजावलं. मार्था, तुझे फार उपकार आहेत."

मला वाटलं, मंडळी थक्क होणार.

रिबेका म्हणाली, "दादा, ते समद्यांना ठावं हाय. तू बोलत होतास तवा ओठ वहिनीचेपण हलत होते."

मार्था हसली. मी खाली बसलो. फिटलं.