शिकवणीचे सर

बाईंनी बावीस वर्षं दुसरीचा वर्ग सांभाळला होता. शाळेत सगळे त्यांना खडूबाई म्हणत, कारण त्यांच्या बोटांवरचा खडू कधी पुरता निघालाच नाही. मुख्याध्यापकांनी मुलांच्या सुरक्षिततेच्या धड्याचे तक्ते हातात दिले, तेव्हा त्या ते नुसतेच चाळत राहिल्या. पाढे त्या झोपेतही शिकवतील. पण शरीराच्या अवयवांची नावं सात वर्षांच्या पोरांसमोर सरळ घ्यायला जीभ वळेना. दोन दिवस त्यांनी भांडी घासता घासता तालीम केली. नवरा म्हणाला, “भांड्यांना पाठ झालं. आता पोरांना सांग.”

त्यांनी सांगितलं. नको तिथे कुणी हात लावला तर ‘नाही’ म्हणायचं, तिथून निघायचं, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. कुणी ‘हे आपलं गुपित’ म्हणालं, तरी सांगायचंच.

“आजी सारखे मुके घेते. तिलाही नाही म्हणू?” एकाने विचारलं.

“म्हण. रुसली तर माझ्याकडे पाठव.”

वर्ग हसला. एक मुलगी तेवढी हसली नाही. मधल्या सुट्टीत ती बाकावरच बसून राहिली.

“बाई, ते सर असले तर?”

“कोणते सर, बाळा?”

“शिकवणीचे.”

शिकवणीचे सर म्हणजे बाईंचे धाकटे दीर. बाईंच्याच घरातल्या खालच्या खोलीत ते कच्च्या मुलांचं वाचन घेत. हिला तिथे बाईंनीच पाठवलं होतं.

मुलगी थोडंच बोलली, तेही खाली बघून. बाईंनी खोदून विचारलं नाही. “सांगितलंस ते बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “तुझी काहीच चूक नाही. मी आता गप्प बसणार नाही.”

पुढचा तासभर त्या मनाशी वाद घालत राहिल्या. पोरीचा गैरसमज असेल. तक्ते बघून घाबरली असेल. मग आठवलं, डोळ्यांना उजेडाचा त्रास होतो म्हणून दिरांनी त्या खोलीला जाड पडदा मागितला होता, आणि तो बाईंनीच शिवून दिला होता. त्या उठल्या.

मुख्याध्यापक सगळं ऐकून म्हणाले, “घरचा मामला आहे. आधी घरी बोलून बघा.”

“घरी बोलले तर ते घरातच राहील,” बाई म्हणाल्या आणि त्यांच्यासमोरच पोलीस ठाण्याला फोन लावला.

मुलीची आई कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती. बाई तिला कारखान्याच्या दारातच गाठायला गेल्या. ऐकता ऐकता ती भिंतीला टेकली. “तुमच्या भरवशावर पाठवली होती मी,” एवढंच म्हणाली.

संध्याकाळी पोलीस दिरांना घेऊन गेले. जाताना ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही मला ओळखत नाही का?” बाईंनी मान खाली घातली नाही.

“त्याला मी कडेवर खेळवलाय,” नवरा म्हणाला. “आधी मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही थांब म्हणाला असतात. आणि मी थांबले असते.”

सासूबाईंनी त्या दिवसापासून सुनेशी बोलणं टाकलं. आठवड्याभरात आणखी दोन मुलांनी आपापल्या घरी तोंड उघडलं. तेव्हा नवऱ्याने खालच्या खोलीतली बाकं एकट्याने बाहेर काढली आणि पायरीवर बसून राहिला. बाई शेजारी जाऊन बसल्या. तो उठून गेला नाही.

खटला अजून चालू आहे. बाईंची साक्ष दोनदा झाली. मुलीला आईने दुसऱ्या शाळेत घातलं. ती आता कशी आहे, हे बाईंना कुणी सांगत नाही आणि विचारायचा धीर त्यांना होत नाही. यंदा तोच धडा त्यांनी पुन्हा घेतला. तक्त्यात नसलेलं एक वाक्य त्या सावकाश, दोनदा म्हणाल्या, “तो माणूस माझ्या घरातला असला, तरी मला सांगायचं.”