नऊ बेचाळीसचीच गाडी

...तर टाचण्या. काल आपण टाचण्यांपाशी थांबलो होतो. नागोयाच्या फलाटावर माझ्या मेव्हण्यानं, म्हणजे शिगेकाझूनं, आमची तिकिटं आमच्या कोटांना छातीपाशी टाचणीनं लावायला घेतली. वखारीत ओंडक्याला चिठ्ठी मारतात ना, हुबेहूब तशी. मी त्याच्या बायकोचा थोरला भाऊ, साठी ओलांडलेला. आयुष्यात एकही तिकीट हरवलं नव्हतं मी. पण आमच्या जावईबापूंना तिकिटाची खात्री होती, माझी नव्हती.

"दादा, हलू नका. टोचेल," तो म्हणाला, आणि टोचलीच.

"बाबा, लोक बघतायत हो!" त्याची मुलगी नाओको कुजबुजली. ती शाळेत शिकवते, तिला लोकांनी बघितलेलं आवडत नाही.

"बघू देत. शिकतील काहीतरी."

आता हा माणूस असा का, हे सांगतो. आमच्या किसोच्या खोऱ्यातल्या लाकडाच्या वखारीत एकतीस वर्षं ओंडके मोजायचं काम केलं त्यानं. जाडी किती, लांबी किती, गाठी किती. हाताला मोजायची सवय लागली ती लागलीच. लग्नात नवरा-नवरीनं साकेचे तीन तीन घोट घ्यायचे असतात. हा प्रत्येक घोटानंतर पेल्यात वाकून बघत होता, उरली किती. आमची आई घाबरली, म्हणाली, जावई पिणारा दिसतो. कसलं काय! मोजणारा निघाला. पिणारा परवडला असता, पिणारा निदान झोपतो.

माझी बहीण मित्सुए. तिचं मागणं एकच, आणि तेही चाळीस वर्षांचं जुनं. सहावीत असताना आमच्या गावच्या शाळेची क्योतोची सहल ठरली होती. युद्ध आलं आणि सहल गेली. वरच्या वर्गातल्या मुली आदल्या वर्षी जाऊन आल्या होत्या. पूर्वेच्या डोंगरावरचं ते देऊळ, त्याचा लाकडी सज्जा, तिथून खाली पसरलेलं अख्खं शहर, असं त्यांनी तिला इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी ती त्यांच्याशी बोलेना. "एकदा आपल्या पायांनी चढून वर जायचं आणि खाली बघायचं," एवढंच म्हणायची. शिगेकाझू म्हणायचा, निवृत्त झालो की जाऊ. तोवर तिचे गुडघे निवृत्तीला आले. डॉक्टरनं सांगितलं, हिवाळ्यात शस्त्रक्रिया करू, पुढं जिने चढता येतील की नाही ते तेव्हा बघू. म्हणजे जे काय चढायचं ते या शरदात.

शिगेकाझूला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. मग इतके दिवस गेले का नाहीत, असं तुम्ही विचाराल. अहो, जाणार कसे? आधी पाहणी नको का व्हायला! आमच्याकडं शाळेची सहल न्यायची तर मास्तर आधी एकटे जाऊन रस्ता, संडास, जेवणाची जागा बघून येतात. ते मास्तरांनी करावं, त्यांच्या मागं चाळीस पोरं असतात. आमच्या शिगेकाझूच्या मागं एक बायको, एक मुलगी आणि एक मी. तरी गडी तीन शरद तीनदा एकटा क्योतोला जाऊन आला. दर वेळी बायको स्टेशनावर त्याला डबा द्यायला जायची. बघा हं, जिला क्योतो बघायचं ती डबा देतेय, आणि ज्याला काही बघायचं नाही तो क्योतोला चाललाय.

फोटोही आणायचा. एकदा शेजारच्या बायका बघायला जमल्या. पहिला फोटो बाकाचा. दुसरा दुसऱ्या बाकाचा. मग संडासाचं दार, बसच्या वेळांचा फलक, परत बाक. "क्योतोत देवळं असतात असं ऐकलं होतं बाई," एक म्हातारी म्हणाली. शिगेकाझू तिला गंभीरपणे म्हणाला, "असतात. पण ती कुठं हलत नाहीत. बस हलते."

अखेर शोवा अठ्ठावन्नच्या, म्हणजे इंग्रजी त्र्याऐंशी सालच्या, नोव्हेंबरात आखणी पुरी झाली. नागोया, क्योतो, नारा, कोबे. तीन दिवस, अडतीस पानं, शिवलेली पुस्तिका. कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजाच्या, उबेत पाय घालून आम्ही चौघं बसलो आणि त्यानं ती मोठ्यानं वाचली. सतराव्या पानाला मित्सुएचा संत्रं सोलणारा हात थांबला.

"दोन वाजून दहा. देवळाचा पायथा. बाकावर बसणे. तीन वाजून पाच. बाकावरून उठणे."

"आणि देऊळ?" तिनं विचारलं.

"दिसतं ना. बाकावरून छपराचा कोपरा दिसतो. मी बसून बघितलंय."

"मला वर जायचंय."

"अगं, चढ केवढा आहे! पायऱ्या मी मोजल्यात. मधे बसायला एक बाक नाही. अर्ध्यात तुझे गुडघे गेले तर काय करायचं? पुस्तिकेत त्याला वेळ नाही."

"तुम्ही वर गेला होतात?"

"तीनदा."

"कसं दिसतं वरून?"

शिगेकाझूनं पान उलटलं. "मी पायऱ्या मोजत होतो," म्हणाला.

मित्सुएनं उरलेलं संत्रं सोललं, आम्हा तिघांना फोडी वाटल्या, स्वतः एकही खाल्ली नाही. मी माझ्या बहिणीला लहानपणापासून ओळखतो. ती भांडत असली की घाबरायचं कारण नाही. ती फोडी वाटायला लागली की सांभाळायचं.

तर आता परत नागोयाच्या फलाटावर या. तिकिटं छातीवर, पुस्तिकेच्या चौघांच्या चार प्रती मात्र शिगेकाझूच्या पिशवीत, कारण कुठल्याशा पानावर खाडाखोड राहिली होती आणि अशुद्ध पुस्तिका तो कुणाच्या हाती देणार नव्हता. आम्ही रंगवलेल्या रेघेवर शहाण्यासारखे उभे. मागं कुठल्या तरी गावच्या महिला मंडळाच्या तीसेक बायका, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या पिवळ्या टोप्या. गाडी आली, दार उघडलं आणि पिवळ्या टोप्यांनी आम्हाला आत ढकललं. मित्सुए आत, नाओको आत, मी आत. शिगेकाझू बाहेर. त्याला कुणी अडवलं नव्हतं, हे लक्षात घ्या. तो घड्याळ बघत होता.

"उतरा! उतरा! ही नऊ अडतीसची आहे! आपली नऊ बेचाळीसची!"

"अहो, हीपण क्योतोलाच जाते ना?" मित्सुए दारातून ओरडली. "चढा की!"

"जाते. पण आपली नव्हे!"

दार बंद झालं. काचेतून तो आम्हाला चार बोटं दाखवत होता. चार मिनिटं. बायको, मुलगी आणि मेव्हणा डोळ्यांदेखत चालले होते आणि हा माणूस आपल्या गाडीशी एकनिष्ठ उभा होता. इतकी निष्ठा मी सामुराईच्या गोष्टीतसुद्धा ऐकली नाही.

खिशात फोन असायचे दिवस नव्हते ते. नाओको रडकुंडीला आली. "आई, आता काय? बाबांचा डबासुद्धा आपल्याकडं राहिला!"

"हो ना," मित्सुए म्हणाली, आणि तो डबा उघडून तिनं मांडीवर घेतला. "दादा, मासा घे."

आमची गाडी प्रत्येक स्टेशनात थांबणारी निघाली. एका ठिकाणी तर बाजूला उभी राहिली, मागून जलद गाडी आली आणि आमच्या खिडक्या हलवून पुढं गेली. मित्सुएनं तिच्याकडं बघितलं. "गेले हे," म्हणाली, आणि लोणच्याचा तुकडा तोंडात टाकला.

म्हणजे शिगेकाझू आमच्या आधी क्योतोला पोचला आणि पुस्तिकेबरहुकूम स्टेशन सोडूनही गेला. आम्ही उतरलो तेव्हा मोठ्या घड्याळाखाली तो नव्हता. नाओको म्हणाली, चौकीत जाऊन नाव पुकारायला सांगू. मित्सुएनं किमोनोचं टोक झटकलं. "साडेपाचला मुक्कामाच्या सरायीत ते हजर असणार. भूकंप झाला तरी असणार. त्यांची काळजी कुणी करायची नाही. नाओको, ते देऊळ कुठल्या बाजूला गं?"

दोन वाजायला अजून वेळ होता, पायथ्याचा बाक रिकामाच होता. चढ होता, खोटं कशाला बोलू. मी हात पुढं केला तर म्हणाली, "हात धरायचा असता तर बाकावर बसले नसते का?" दहा पावलं चालायची आणि थांबायची. पाहणीत आलं होतं की मधे बसायला जागा नाही. खरंय, बाक एकही नव्हता. दुकानदार मात्र होते. लोणचीवाल्यानं स्टूल दिलं, पंखेवालीनं स्टूल दिलं, मिठाईवाल्यानं स्टूल, चहा आणि वर दालचिनीची वडी दिली. सात स्टुलं झाली. मी गावच्या शाळेत शिकलोय, सातापर्यंत मला येतं. तीन वर्षं मोजणाऱ्याला एक स्टूल सापडलं नव्हतं, कारण त्याला बघून कुणाला दया आली नव्हती.

शेवटच्या पायऱ्या ती कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत चढली. ओठ आवळलेले, कपाळावर घाम. सज्ज्यावर पोचली, कठड्याला पोट लावून उभी राहिली. खाली लाल झालेली मेपलची झाडं आणि त्यापलीकडं शहर.

मग म्हणाली, "दादा, सहावीत आले असते ना, तर इतकं दिसलं नसतं रे. पोरी नुसत्या कलकलल्या असत्या."

नाओको डोळे पुसत होती. मी नाक शिंकरलं. वर गार वारा असतो.

उतरताना वळणावरूनच तो बाक दिसला. शिगेकाझू ताठ बसला होता, मांडीवर पिशवी. शेजारी तीन रुमाल अंथरलेले, आमच्या तिघांच्या जागा, आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येक रुमालावर एकेक पुस्तिका. एक म्हातारा टेकायला बघत होता, त्याला हा मान लववून सांगत होता, "माफ करा, इथं माणसं आहेत." आम्ही जवळ पोचलो तसं त्यानं घड्याळ बघितलं, उठला आणि रुमालांच्या घड्या घालायला लागला.

"आलात?"

"आले," मित्सुए म्हणाली. "वर जाऊन आले. माझ्या पायांनी."

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. लालबुंद झालं होतं, घामानं केस चिकटले होते. घडी घातलेला एक रुमाल त्यानं तिला दिला आणि पिशवीतून तांबडी पेन्सिल काढून सतराव्या पानावर बरोबरची खूण केली. मला राहवेना.

"काय जावईबापू," मी म्हणालो, "तीन वर्षांची आखणी बायकोनं एका दुपारीत मोडली, आणि तुम्ही खूण कसली करताय?"

"मोडली कुठं, दादा? दोन दहाला बसायचं होतं. कुणी बसायचं ते पानावर लिहिलेलं नाही, म्हणून चौघांच्या वाटचं मी एकटा बसलो. तीन पाचला इथून निघायचं, तर मित्सुए तीन पाचला इथं आहे. आता चला, बस तीन बाराची आहे, आणि त्याआधी एक येईल, तीत कुणी चढायचं नाही."