नवमीला बसलेली हत्यारं

खंडेनवमीच्या सकाळी मी टूलबॉक्स स्वतःच्या हाताने पुसून देवापुढे ठेवला, आणि अर्ध्या तासाने कपाळावर हात मारून घेतला. गाडीचे मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर मला त्याच दिवशी बदलायचे होते! जॅक, पाने, हातोडी, सगळ्यांवर हळदकुंकू पडलं होतं. आणि आमच्याकडे पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत कोणी उचलत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही बनारसला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, मी शाळेत विज्ञान शिकवत होते. दुर्गाघाटावरून ह्यांच्या आत्या आमच्याकडे आल्या होत्या, कारण दसऱ्याला त्यांना मिर्झापूरला थोरल्या बहिणीला सोनं द्यायला जायचं होतं. पाठदुखीने मागचे दोन दसरे चुकले होते आणि बहीण आता अंथरुणाला खिळली होती. "यंदाही आली नाहीस, तर पुढच्या वर्षी कोणाला देशील?" असं तिने पत्रातून विचारलं होतं.

रेल्वेच्या डब्याची पायरी आत्याबाईंना चढवत नव्हती. राहता राहिली आमची सेकंडहँड गाडी, आणि तिचे शॉकर पार कामातून गेलेले. घाटाच्या गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून आत्याबाईंना खुर्चीत बसवून मैदागिनच्या चौकापर्यंत आणलं. तिथून घरापर्यंत त्या प्रत्येक खड्ड्याला कळवळल्या. उतरल्यावर म्हणाल्या, "या खटाऱ्यात मी मिर्झापूरला जिवंत पोचायची नाही."

नवे शॉकर अष्टमीच्या संध्याकाळी मिळाले, तोवर मिस्त्रीने दुकान बंद करायला घेतलं होतं. "बहनजी, अब तो दशहरे के बाद ही हाथ लगेगा," तो म्हणाला. मग मी त्याच्याकडून सगळी कृती नीट विचारून घेतली. नट वर कुठे, खाली कुठे, आणि नवा शॉकर बसवण्याआधी उभा धरून चार वेळा दाबायचा. मोठ्या ऐटीत घरी येऊन जाहीर केलं की मी बदलते. आणि सकाळी हा गाढवपणा.

"आत्या, एक दिवस सूट दे ना," हे म्हणाले. "काम तुझंच आहे."

"म्हणून तर नको. माझ्या पाठीपायी देवापुढचं उचलायला लावू? हत्यारं बसली ती बसली. नशिबात जाणं नसेल तर नसेल." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले.

मला भयंकर राग आला. त्यांचा, माझा, टूलबॉक्सचा. रागाने माझं डोकं बरं चालतं. मी विचारलं, "आत्याबाई, जे पूजेत नाही ते चालेल?"

त्यांनी थोडा विचार केला. "त्याला कोण अडवणार?"

झालं! अंगणात बसायला टाकलेले रुळांखालचे दोन जुने लाकडी स्लीपर होते. पुढे विटांची उतरण रचून ह्यांनी गाडी उलटी घेतली आणि मागची चाकं स्लीपरवर चढवली. पुढच्या चाकांना पाटा आणि वरवंटा लावला. जॅकची गरज संपली, मी आरामात खाली सरकले.

अंगणातल्या हातपंपाला एक पाना तारेने कायमचा बांधलेला असायचा. मी तो सोडवताना खिडकीतून आवाज आला, "अगं, तो पाना ना?"

"पंपाचा आहे. पंप कुठे पूजेत आहे?"

आत्याबाईंना हा मुद्दा पटला. पाना नटाला किंचित मोठा होत होता, तेव्हा तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये पाचर मारली. डिकीतला वरचा नट फिरवला की शॉकरचा दांडाही त्याच्याबरोबर फिरायचा. तो ह्यांनी स्वयंपाकघरातल्या सांडशीने धरून ठेवला. "नंतर घासून ठेवा हो ती," खिडकीने बजावलं.

खालचा नट मात्र गंजून बसला होता. रॉकेल पाजलं, तासभर वाट पाहिली, ढिम्म. मग मी वालाच्या वेलाखालचा लोखंडी पाइप उपसला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि आम्ही दोघांनी जोर लावला. कड् आवाज झाला. पाना मोडला असं वाटून मी डोळेच मिटले. पण सुटला होता नट!

दुसरी बाजू निम्म्या वेळात झाली. नवे शॉकर बसवून गाडी खाली घेतली आणि मी डिकीवर सगळा भार टाकून दाबलं. आधी ती चारपाच वेळा हेलकावायची. आता एकदा वर आली आणि थांबली. मी अंगणात चक्क नाचले. शेजाऱ्यांनी पाहिलं, पाहू दे.

दसऱ्याच्या सकाळी निघण्याआधी आत्याबाईंनी पंपाचा पाना, पाइप आणि सांडशी मागवून घेतली, तिघांना कुंकू लावलं आणि मगच गाडीत बसल्या. मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी होती. पहिल्या खड्ड्याला त्यांनी दोन्ही हातांनी सीट धरली. दुसऱ्याला एका हाताने. गाव मागे पडल्यावर त्यांना झोप लागली, ती मिर्झापूर येईपर्यंत.

कोणाचा हात न धरता त्या उतरल्या. बहिणीच्या पलंगापाशी बसून त्यांनी तिच्या ओंजळीत सोनं ठेवलं. दोघींना रडू आवरेना. मीही रडले, लाजायचं काय त्यात.

सोनं धाकट्यांनी थोरल्यांना द्यायचं असतं. म्हणून मी पानं घेऊन आत्याबाईंपुढे वाकले, तर त्यांनी माझे हातच धरले. नखांतलं काळं अजून निघालं नव्हतं. "थांब," त्या म्हणाल्या, "आज आधी मी," आणि त्या काळ्या हातांवर त्यांनी पानं ठेवली.