हजर माणसाची गैरहजेरी

अर्जदार : खदीर शेख, शिपाई, मेडिकल प्रवेशाच्या एका क्लासची लातूर शाखा. गैरअर्जदार : त्याच क्लासचे नांदेड येथील हेड ऑफिस. वादाचा विषय : भिंतीवरचे अंगठ्याचे हजेरी मशीन. साक्षीदार : समोरचा चहावाला मारुती, ज्याने अर्जदारास रोज सकाळी शटर उघडताना पाहिले. घटनेचा काळ : दसऱ्यापासून दिवाळी लागेपर्यंत. लिहिणार : मी, तहसीलसमोरचा अर्जनवीस, शिक्षण सातवी, अनुभव भूकंपाच्या सालापासून.

शिक्षणाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. भूकंपानंतर पदवीधरांनी लिहिलेले अर्ज त्रुटी काढून परत येत. माझे येत नसत.

तर खदीर नोटीस घेऊन टेबलाशी आला. सतत विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल कामावरून कमी का करू नये, असा मजकूर होता.

"कुठे गेला होतास?"

"कुठं जाणार मुन्शीजी? क्लासच्याच जिन्याखाली राहतो. रोज अंगठा देऊन राहिलो. मशीन थँक्यू बी म्हणतंय."

नोकरीबरोबर खोली जाणार, हे होतेच. पण त्याची मुलगी स्टाफचे मूल म्हणून त्याच क्लासमध्ये बिनफीची शिकत होती आणि तिचे बारावीचे वर्ष चालू होते. खरे दुखणे ते होते.

मी जातीने शाखेत गेलो. शाखाप्रमुख बिरादार सर औसा तालुक्यातले, सरळ मनुष्य.

"मला बी गैरहजर दाखवतंय," ते म्हणाले. "समद्या मास्तरांना दाखवतंय."

"मग त्यांना नोटीस?"

"त्यांना फोन आला. नोटीस खालच्या माणसापासून सुरू होते."

सामान्य वाचकांसाठी खुलासा करतो. मशीन अंगठा स्वतःच्या पोटात साठवते आणि थँक्यू म्हणते. पुढे एक वायर लहान डबीत जाते, तिला स्विच म्हणतात. तिथून इंटरनेटने हजेरी नांदेडला पोहोचते. आमच्या धंद्याच्या भाषेत, मशीनची आवक चालू होती, जावक बंद होती. थँक्यू ही पोच नव्हे, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

"दसऱ्यापासून काही बदल केला?" मी विचारले.

"कायबी न्हाई," सर आणि खदीर दोघेही म्हणाले. नांदेडच्या इंजिनिअरने फोनवर हेच विचारले होते, हेच उत्तर मिळाले होते. त्यावरून त्याने मशीन निर्दोष व माणसे दोषी ठरवली होती.

मी तीन पानी अर्ज लिहिला, चहावाल्याची सही घेतली आणि खदीरला घेऊन एसटीने नांदेडला गेलो. तिथल्या मॅनेजरने अर्ज न वाचता कॉम्प्युटर पाहिला.

"सिस्टिममध्ये हे गैरहजर आहेत."

"साहेब, मी हितं तुमच्यासमोर उभा हाय की!"

"म्हणजे आजही लातूरला नाही," मॅनेजर म्हणाले आणि तशी नोंद केली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शाखेत गेलो. सरांनी पुढची खुर्ची दाखवली. बसण्यापूर्वी मी वर पाहिले. भूकंपापासून नव्या जागी बसताना आमच्याकडे सगळेच आधी वर पाहतात. सरांच्या डोक्याच्या वर भिंतीवर चार भोके आणि रंगाचा एक उजळ चौकोन दिसला.

"सर, इथे काय होते?"

"ती डबी. दसऱ्याला टेबल हितं आणलं, मग डोक्यावरचं काढून घेतलं."

"कोणी काढले?"

"मीच की," खदीर म्हणाला.

"मग बदल विचारला तेव्हा बोलला का नाहीत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "डोक्यावरचं काढलं, ह्यात बदल कसला?" सर म्हणाले.

माझ्या टेबलाच्या वर मी भूकंपाच्या सालापासून फळी लावू दिलेली नाही. मी हा मुद्दा पुढे रेटला नाही.

डबी कपाटामागे जमिनीवर होती. मशीनची वायर तिथवर पोहोचत नव्हती. नुसती लोंबत होती.

"परत वर लावू का सर?" खदीरने विचारले. "पावशेराची बी न्हाई."

"आमचं मातीचं माळवद बी कोसळायच्या आधी कुणाला जड वाटत नव्हतं," सर म्हणाले.



लांब वायर घ्यायची तर नांदेडची मंजुरी लागते. शाखाप्रमुखाची खुर्ची सरकवायला लागत नाही. म्हणून डबी पुन्हा भिंतीवर गेली आणि सर दाराशी, पोरांच्या चपलांशेजारी जाऊन बसले. हिरवा दिवा लुकलुकला. पोटात साठलेले सगळे अंगठे एकदम नांदेडला पोहोचले. संध्याकाळी खदीरची नोटीस रद्द झाली. मुलगी वर्गातच होती. तिला यातले काही सांगितलेले नव्हते.

यावरून बोध असा, की मशीनला बिघाड विचारावा; माणसाला मात्र सवय विचारावी.

परंतु प्रकरण मिटलेले नाही. परवा खदीरला नवी नोटीस आली आहे. बाकी सर्व दिवस हजर, एकच दिवस विनापरवानगी गैरहजर. तो दिवस नांदेडचा.

सबब विनंती की, सदर दिवशी अर्जदार खुद्द हेड ऑफिससमोर उभा होता व मॅनेजरसाहेबांनी त्यास स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, हे ध्यानी घेऊन त्यास हजर धरावे. तसे करता येत नसल्यास, हजर म्हणजे नेमके कोठे, याचा लेखी खुलासा अर्जदारास द्यावा. उत्तर खदीरच्या नावे पाठवावे. शटर तोच उघडतो.