मायलेकींचा एकच वर्ग

डार्ला स्टिडम वृद्धाश्रमात मदतनीस होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांना अंघोळी घालणं, भरवणं, कूस बदलून देणं यातच तिची उमेदीची वर्षं गेली. नर्स व्हायचं तर कॉलेज करणं भाग होतं. म्हणून चाळिशी उलटल्यावर तिनं शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी कॉलेजात नाव घातलं. पहिलाच विषय निबंधलेखनाचा.

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या त्या डोंगराळ भागात शाळेतली हुशार मुलंही हा विषय घ्यायची. शाळेत असतानाच कॉलेजचे विषय उरकले, की पुढचं वर्ष वाचतं. डार्लाची मुलगी टेसा शाळेत अकरावीला होती. वेळापत्रक असं जुळलं, की मायलेकी एकाच वर्गात आल्या.

"वर्गात मला मम्मी म्हणायचं नाही," गाडीतच डार्लानं बजावलं.

"मग काय म्हणू? मॅडम?"

"काहीच नको. ओळखच दाखवू नकोस."

"बरं बाई. पण मागून पेन टोचून उत्तरं विचारायची नाहीत हं!"

टेसा बापाचं आडनाव लावायची, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. डार्ला शेवटच्या बाकावर बसायची. ओबर्ग सर बोलत त्याच्या निम्मंसुद्धा तिच्याच्यानं लिहून होत नसे. एकदा तिनं विचारलं, "सर, परिच्छेद कुठं तोडायचा, ते कसं कळतं?" पुढून एक मुलगा पुटपुटला, "आजीबाई, दम लागला की तोडायचा!" सगळा वर्ग हसला. टेसाही हसली. डार्लानं मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. घरी दोघींनी घेवडा आणि मक्याची भाकरी खाल्ली. तो विषय कुणीच काढला नाही.

पुढच्या महिन्यात ओबर्ग सरांनी दोघींना तास संपल्यावर थांबवून घेतलं. टेबलावर दोघींचे लहानशा आठवणीवरचे निबंध होते.

"दोन्हींत अपूर्णांकांचा गृहपाठ, दोन्हींत बंद न्हाणीघर, आतून सोडलेला नळ. कुणी कुणाचं उतरवलंय?"

टेसा बुटांकडे बघत राहिली. इथं गप्प राहिलं तर पोरीवर चोरीचा आळ येणार होता.

"कुणीच नाही, सर. ती माझी मुलगी आहे. न्हाणीघर आमच्याच घरातलं."

सर ओशाळले. "मग एकमेकींचं वाचा तरी," म्हणून त्यांनी कागद पुढं केले.

दोघींनी उभ्याउभ्याच वाचलं. टेसा पाचवीत असताना गणित विचारायला आली होती. डार्लाला ते येत नव्हतं, म्हणून डार्ला न्हाणीघरात जाऊन बसली होती, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून. हे तिनं स्वतःच्या निबंधात लिहिलंच होतं. टेसानं दाराबाहेरचं लिहिलं होतं: 'त्या दिवशी मला कळलं, की मम्मीला माझा कंटाळा आलाय. नंतर मी तिला कधीच काही विचारलं नाही.'

गाडीत बसल्यावर टेसा म्हणाली, "सांगायचं ना गं, येत नाही म्हणून!"

"तुझ्यासमोर? लाज वाटली."

"अगं, पाचवीतली होते मी!"

"म्हणूनच तर वाटली, बयो."

टेसानं नाक ओढलं. "त्या दिवशी वर्गात मी हसायला नको होतं."

डार्लानं तिच्या हातात रुमाल दिला आणि गाडी सुरू केली.

सत्र संपलं. निकाल फोनवर आले तेव्हा दोघी स्वयंपाकघरात होत्या. डार्ला काठावर पास झाली होती. टेसानं आपला निकाल पाहिला आणि पटकन फोन पालथा घातला. सर्वांत वरची श्रेणी असणार, हे आईला न बघताच कळलं. पोर आपल्यापायी आपलं यश लपवतेय, या विचारानं तिचे कान तापले.

ओले हात पुसत तिनं खुर्ची ओढली. "उचल तो फोन. मोठ्यानं वाच."